गोदूची रात्र लडकूच्या नावावर

मित्रांनो, भिवंडीत मशीन म्हटलं की लोकांना आधी लूमच आठवतो. मी लूम नाही. मी खडखडत नाही, कापड विणत नाही, तेल मागत नाही. मी एक जुनी, मुठीत मावणारी, मुकी मशीन आहे आणि माणसांची झोप तपासते. आता गंमत बघा, दुसऱ्यांची झोप तपासता तपासता माझी स्वतःची पार उडून गेली आहे. मला मेलीला स्वस्थ म्हणून बसता येत नाही. बोलायला लागले की हे आधी सांगू का ते, असं होऊन जातं. तेव्हा तुम्हीच जरा सांभाळून घ्या.

दिसायला मी म्हणजे साबणाची वडी. आले तेव्हा पांढरीशुभ्र होते, आता पिवळट पडले आहे. छातीवर बांधायला माझ्याबरोबर एक पट्टा असतो, नाकापाशी ठेवायला बारीक नळी असते आणि बोटात घालायला लाल दिव्याची टोपी. एवढाच माझा संसार, तो एका निळ्या पिशवीत मावतो.

माझं काम तेवढं नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. काही माणसं झोपली की त्यांचा घसा आतून सैल पडतो आणि श्वासाची वाटच बंद होते. कधी दहा सेकंद, कधी वीस, कधी अर्ध्या मिनिटाच्याही वर. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, काळीज घाबरून धावायला लागतं, मग मेंदू दचकून त्या माणसाला हलवतो. तो एक मोठा श्वास ओढतो, कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. रात्रभरात असं शंभरदा होतं, दोनशेदा होतं आणि सकाळी त्याला यातलं काही म्हणता काही आठवत नाही. तो उठतो तो थकलेलाच, डोकं धरून, आणि दिवसभर जिथे बसेल तिथे पेंगतो. डॉक्टर याला स्लीप ॲप्निया म्हणतात. दुखत काही नाही, म्हणून लोक वर्षानुवर्षं दुर्लक्ष करतात. आत रक्तदाब वाढत राहतो आणि काळजावर ताण पडत राहतो.

पूर्वी हे तपासायला मोठ्या हॉस्पिटलात जाऊन, डोक्यापासून पायापर्यंत वायरी लावून, परक्या खाटेवर झोपावं लागायचं. आता मी पिशवीतून घरी जाते. माणूस आपल्याच गोधडीत झोपतो आणि मी त्याचा श्वास, नाडी, ऑक्सिजन, घोरणं, कूस बदलणं, सगळं टिपून घेते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. खोक्यातून बाहेर आले ती थेट भिवंडीत, डॉक्टर प्रमोदिनींच्या दवाखान्यात. प्रमोदिनीबाई छातीच्या आणि श्वासाच्या डॉक्टर. बोलणं कमी, चष्म्यावरून बघणं जास्त. त्यांच्या हाताखाली रुचिरा नावाची मुलगी काम करते. पेशंटला पट्टा कसा बांधायचा, नळी कशी लावायची हे ती शिकवते आणि सकाळी माझ्या पोटातलं सगळं संगणकात उतरवून घेते. पहिली काही वर्षं माझे काय लाड होते म्हणून सांगू! रोज मऊ फडक्याने पुसायची मला, वेगळी पिशवी, वेगळा कप्पा. एका निवृत्त मास्तरांचा आजार मी पकडला, त्यांना रात्री लावायचा, घसा उघडा ठेवणारा हवेचा मास्क मिळाला, तर ते पेढे घेऊन आले आणि एक पेढा चक्क माझ्यापुढे ठेवला. मी खाणार काय, कपाळ! पण बरं वाटलं.

कोणाकोणाच्या घरी झोपले नाही मी? म्हणजे जागले! लूमच्या मालकांच्या थंडगार खोल्यांत जागले आणि त्यांच्याच कारागिरांच्या खोल्यांतही जागले, जिथे एक शिफ्ट उठली की दुसरी त्याच गादीवर आडवी होते आणि गादीला गार व्हायला सवडच मिळत नाही. तिथे लोक दिवसा झोपतात, म्हणून रुचिरा माझं घड्याळ बदलून द्यायची. सगळ्यांचे श्वास मी मोजले. पण एका बाईची रात्र माझ्या डोक्यातून जात नाही, आणि तीच सांगायला आज तुमच्यापुढे बसले आहे.

तर झालं असं. राहनाळ गावातला लडकू पाटील दवाखान्यात आला. पन्नाशीला टेकलेला, भरल्या अंगाचा, मान अशी की शर्टाचं वरचं बटण कधी लागलंच नसेल. घरची शेती होती, आता तिथे गोडाऊनं उभी राहिली आहेत आणि त्यातल्याच एका गोडाऊनात लडकू रात्रपाळीला फोर्कलिफ्ट चालवतो. फोर्कलिफ्ट म्हणजे दोन लोखंडी सुळे असलेली गाडी. खोक्यांची थप्पी उचलायची आणि दुसरीकडे नेऊन ठेवायची. त्या गाडीवर त्याला चालता चालता डुलकी लागली आणि ते सुळे एका नव्याकोऱ्या कपाटाच्या खोक्यात आरपार घुसले. माणूस कोणी मधे नव्हता, हे नशीब. गोडाऊनचा सुपरवायझर भूपेश सरळ बोलला होता, "लडकूभाई, पहले रिपोर्ट लाओ, फिर गाडी को हाथ लगाओ."

"ताई, मना काय झालेलं न्हाय," लडकू रुचिराला सांगत होता. "साहेब बोलला म्हून आलोय. घोरतो मी, त्यात काय? घोरतो म्हंजे झोप गाढ हाय ना?"

"काका, ते मशीनला ठरवू द्या," रुचिरा हसून म्हणाली. "तुमच्या सुट्टीच्या रात्री लावा. त्या रात्री दारू नको. आणि सकाळी दहाच्या आत परत आणा, दुसरे पेशंट थांबलेत."

तिने त्याच्या अंगावर पट्टा बांधून दाखवला, पुन्हा सोडून त्याच्याकडून बांधून घेतला. मग माझ्यात नाव भरलं, लडकू पाटील, वय एकोणपन्नास, पुरुष. मित्रांनो, इथे एक लक्षात घ्या. नाव मला भरून मिळतं. ते बदलणं माझ्या हातात नाही.

गुरुवारी लडकूची सुट्टी. मी पिशवीतून राहनाळला गेले आणि तिथे बघते तर काय, सगळ्या आळीत मांडव, दिवे, बेंजोवाल्यांचा दणदणाट! लडकूच्या चुलतभावाच्या, दामूच्या मुलाची हळद त्याच रात्री होती. आता तुम्ही त्या गावांतले असाल तर तुम्हाला सांगायला नको. लग्नाला एखादा नाही गेला तरी चालतं, पण भावकीतल्या हळदीला नवऱ्याचा चुलता नाचला नाही तर वर्षभर तोंड दाखवायला जागा राहत नाही. इकडे भूपेशला शनिवारी रिपोर्ट हवा, तिकडे बेंजो सुरू झालेला. लडकू अंगणात येरझाऱ्या घालत होता आणि मी पिशवीत.

तेवढ्यात त्याची बायको गोदू घरी आली. पहाटेपासून बायकांबरोबर मांडवात तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. नखांत पीठ अडकलेलं, डोळे ओढलेले.

"तू आता मांडवात न्हाय ना जायाची?" लडकूने विचारलं.

"न्हाय वो. डोकं फुटतंय माझं. पडते जरा."

लडकूच्या डोक्यात दिवा पेटला. "मंग ही मशीन तू लाव."

"अवो, मी कशाला? मी घोरते का?"

"न्हाय घोरत, तेच तर बरं हाय! रिपोर्ट चांगला येल. तुना झोपायचंच हाय ना? मंग बांध आनी झोप. मशीनला काय कलतंय, कोन झोपलंय!"

मला काय कळतं? असा संताप आला मला! अरे बाबा, मलाच तर कळतं! पण मुकीचा संताप विचारतो कोण. लडकूने रुचिराने शिकवल्याप्रमाणे पट्टा बांधला, गोदूच्या नाकाला नळी लावली, बोटात टोपी घातली, बटण दाबलं आणि नवा शर्ट चढवून गेला नाचायला. एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या ऐटीत होता. गोदूने बांगड्या वर सारल्या आणि आडवी झाली. पाचव्या मिनिटाला झोपली.

आणि तिचा श्वास थांबला.

आधी मला वाटलं नळी निसटली. पण नळी जागेवर होती. पट्टा सांगत होता की छाती वरखाली होतेय, हवेसाठी जोर लावतेय, आणि नळी सांगत होती की हवा येतच नाही. दहा सेकंद झाले, पंधरा झाले, बावीस झाले. मग बारीक आवाज करून, घशातल्या घशात, तिने श्वास ओढला. लडकूसारखं गावाला ऐकू जाईल असं घोरणं नाही. शेजारी झोपलेल्यालासुद्धा जेमतेम ऐकू येईल असा तो आवाज होता. मी टिपलं. दोन मिनिटांत पुन्हा थांबला. पुन्हा टिपलं. ऑक्सिजन पंचाण्णव होता तो अठ्ठ्याऐंशीवर आला, मग एक्क्याऐंशीवर. उताणी वळली की अजूनच खाली. पहाटेच्या सुमाराला एकदा चौऱ्याहत्तर झाला आणि नाडी अशी पळायला लागली की मला वाटलं आता हिचं काही खरं नाही. गोदू, ऊठ गं बाई, ऊठ! माझ्या अंगात एक दिवा आहे, तो लुकलुकतो. तेवढंच मला येतं. मी लुकलुकत राहिले आणि मांडवात बेंजो वाजत राहिला.

माझा जीव नुसता तळमळत होता. हिच्या घरात हे कोणालाच कसं माहीत नाही? मग एकेक लक्षात आलं. लडकू गेली अकरा वर्षं रात्रपाळीला. तो येतो तेव्हा ती उठून कामाला लागलेली असते, आणि सुट्टीच्या रात्री तो तिच्या आधीच घोरायला लागतो. मुलगी रंजिता लग्न होऊन गणेशपुरीला गेलेली, मुलगा दीपेश नोकरीसाठी पुण्याला. गोदू झोपते सगळ्यांच्या शेवटी, उठते सगळ्यांच्या आधी. या बाईला झोपलेली कोणी पाहिलेलीच नव्हती!

पहाटे लडकू आला आणि तिला उठवायला नको म्हणून बाहेर पडवीतच आडवा झाला. दोन मिनिटांत त्याचं घोरणं असं सुरू झालं, की भिंतीवरची फळी थरथरली. साडेचारला गोदू उठली. मला काढून ठेवलं, दोन्ही हातांनी डोकं दाबलं, कपाळाला बाम चोळला आणि चहा टाकला. चहा उतू जाईपर्यंत ती ओट्याला टेकून उभ्याउभ्या पेंगत होती. शेजारच्या कमळाकाकू दुधाला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "गोदू, आळशी झालीस गो तू आताशा." गोदू हसली. मला रडू आलं असतं, पण आसवं कुठून आणू?

दहाच्या आत मी दवाखान्यात पोचले. रुचिराने मला संगणकाला जोडलं आणि तिच्या तोंडून निघालं, "अगं बाई!" तासाला चौतीस वेळा श्वास थांबलेला. आजार तीव्र. मग नेहमीच्या रीतीप्रमाणे तिने माझं पोट मोकळं केलं. गोदूची सगळी रात्र संगणकात गेली आणि तिच्या माथ्यावर लिहिलेलं होतं, लडकू पाटील.

त्याच दुपारी लडकू मोठ्या आशेने आला. प्रमोदिनीबाईंनी त्याच्यापुढे कागद ठेवला.

"लडकूभाऊ, आजार गंभीर आहे. रात्री मास्क लावून झोपावं लागेल. आणि उपचार सुरू होऊन बरं वाटेपर्यंत ती गाडी चालवायची नाही. मी तसं लिहून देते."

लडकूचा चेहरा कसा झाला ते मी टेबलावरून बघत होते. बोल, मी मनात म्हणत होते, बोल की रे, मी लावलीच नव्हती म्हणून! पण त्याने तोंडाला कुलूप लावलं. खोटेपणा उघडा पडेल या भीतीने कागद खिशात घातला आणि निघून गेला. मी तिथल्या तिथे गारठले. आता मास्क मिळणार लडकूला, आणि गोदू आज रात्री पुन्हा तशीच झोपणार, उद्या तशीच, परवा तशीच.

चौथ्या दिवशी तो परत आला तो भांडायलाच. भूपेशने कागद वाचून त्याला खोक्यांना स्टिकर चिकटवायला बसवलं होतं. अकरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला पोरांच्या रांगेत बसवलं, ते त्याला झोंबलं होतं.

"तुमची मशीन खोटी हाय," तो म्हणाला. "एकदम बोगस."

"कशावरून काका?" रुचिराने विचारलं.

"हाय खोटी! मना म्हाईत हाय ना!"

कशावरून ते काही सांगेना. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसं. पण हा तर चांगला नाचून आला होता आणि तरी अंगणालाच वाकडं म्हणत होता! प्रमोदिनीबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी जुनी, पिवळट, पट्टाही सैल झालेला. "रुचिरा, कंपनीच्या माणसाला बोलव. तोवर ही वापरू नकोस," त्या म्हणाल्या.

आणि मी खणात गेले. अंधारात, जुन्या बिलांच्या गठ्ठ्याखाली. चोर सोडून संन्याशाला फाशी! एवढी वर्षं एक श्वास चुकवला नाही मी, आणि माझ्या अंगावर चिकटपट्टी, 'तपासायची आहे'. खरं सांगते, माझ्या अपमानाचं मला पहिल्या दिवशीच वाटलं काय ते. नंतर मनात एकच विचार फिरत होता. कंपनीच्या माणसाने मला खोटी ठरवलं तर तो कागद फाडला जाईल. गोदूच्या आजाराचा जगात तेवढा एकच पुरावा, तोही दुसऱ्याच्या नावावर, आणि तोही जाईल. खणात दिवस कळत नाहीत. पण दवाखाना बंद झाल्याचं कुलूप ऐकू यायचं, आणि मला वाटायचं, आता गोदू भांडी घासत असेल, आता अंथरूण घालत असेल.

पाच दिवसांनी तो माणूस आला. मला उलटंसुलटं करून पाहिलं, दुसऱ्या नव्या मशीनशी ताडून पाहिलं. "मॅडम, काहीच बिघाड नाही. बरोबर चालते," म्हणाला. रुचिराने लगेच फोन लावला. "काका, मशीन ठीक आहे बरं का. मास्कचं काय करायचं?"

आता मात्र लडकूची पंचाईत झाली. मशीन खरी ठरली तर गाडी गेली. नोकरी वाचवायची तर खरं बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटी सुटल्यावर तो दवाखान्यात आला, आणि येताना मोटरसायकलवर गोदूलाही घेऊन आला. साक्षीदार म्हणून! तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि स्वतः आत आला.

"मॅडम, खोटं बोलनार न्हाय आता," तो खाली मान घालून म्हणाला. "ती मशीन मी लावलीच नवती. त्या राती मी हलदीत नाचत व्हतो. इचारा पायजे तर, बायकोला आनलंय बाहेर. मी पहाटेपावेतो झोपलोच न्हाय, तर माझा श्वास कसा थांबंल?"

प्रमोदिनीबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मग मशीन लावली कोणाला होती?"

"गोदूला. ती झोपलीच व्हती ना घरात." आणि त्याचा चेहरा जरा उजळला. "म्हंजे मॅडम, मना काय न्हाय ना? माझा रिपोर्ट चांगला?"

"तुमची तपासणी अजून झालेलीच नाही, लडकूभाऊ," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "हा रिपोर्ट खरा आहे. हा तुमच्या बायकोचा आहे."

लडकूला कळायला वेळ लागला. त्याच्या मनात गोदूचा हिशेबच नव्हता. दवाखान्यात तो आला होता, आजार असलाच तर त्याला असणार, गोदू म्हणजे नुसती मशीन अडकवायची खुंटी. "तिला कसा असंल?" तो म्हणाला. "ती तर घोरत पन न्हाय."

"त्या कुठे आहेत?"

सगळे दाराशी आले. रुचिराच्या हातात मी होते, म्हणून मीही पाहिलं. भर सकाळी, पेशंटांच्या वर्दळीत, गोदू बाकावर बसल्याबसल्या झोपली होती. मान मागे भिंतीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, मांडीवर पिशवी तशीच धरलेली. लडकू हाक मारायला पुढे झाला, पण बाईंनी हाताने त्याला थांबवलं. "जरा ऐका," म्हणाल्या.

तो ऐकत उभा राहिला. श्वास येत होता, जात होता. मग थांबला. लडकू वाट बघत राहिला. गोदूचं पोट हललं, छाती हलली, गळ्याची शीर ताणली गेली, पण आवाज नाही. बाजूच्या बाकावरचा माणूस पेपर वाचत होता, त्याने पान उलटलं. अजून श्वास नाही. लडकूने माझ्यासमोर स्वतःचाच श्वास रोखून धरला होता, आणि शेवटी तो गोदूच्या आधी सुटला.

"गोदू!" तो ओरडला. "अगो गोदू!"

ती दचकून उठली, पदर सावरला आणि पहिलं वाक्य काय बोलली? "न्हाय वो, झोपले न्हाय मी. डोले मिटले व्हते नुसते."

प्रमोदिनीबाईंनी तिला आत नेऊन रक्तदाब तपासला. तो चढलेला होता, किती दिवसांपासून देव जाणे. सकाळी डोकं दुखतं का? दुखतं. उठल्यावर तोंड कोरडं? हो. दिवसा झोप येते? गोदू म्हणाली, "येते. पन मना वाटलं बायांना येतच असंल. सगल्या दमतात." लडकू कोपऱ्यात उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

बाईंना ती तपासणी एकदा गोदूच्या स्वतःच्या नावावर हवी होती. माझ्या अंगावरची चिकटपट्टी रुचिराने नखाने खरवडून काढली, 'सॉरी हं' म्हणाली, आणि माझ्यात पहिल्यांदा तिचं खरं नाव भरलं. गोदावरी पाटील, वय पंचेचाळीस, स्त्री. मी पुन्हा राहनाळला गेले. या खेपेला लडकूने रजा टाकली होती. गोदूला पट्टा बांधला, नळी लावली आणि तो तिच्या उशाशी मांडी घालून बसला.

ती झोपली. श्वास थांबला. आणि मी टिपायला सुरुवात करते न करते तोच लडकूने तिला गदागदा हलवलं. "गोदू, श्वास घे!" ती उठली, झोपली. पुन्हा थांबला, पुन्हा हलवलं. मला काम म्हणून करू देईना! दोन वाजले, तीन वाजले, हा बाबा तसाच बसलेला. डोळे तारवटलेले, स्वतःला पेंग आली की उठून तोंडावर पाणी मारायचा आणि परत येऊन तिच्या नाकापाशी हात धरायचा. अकरा वर्षं दुसऱ्याची खोकी राखत जागला होता, ती एक रात्र बायकोसाठी जागला.

सकाळी रुचिराने संगणक उघडला आणि डोक्याला हात लावला. सगळे तुकडे तुकडे. सलग दहा मिनिटांची झोप कुठे सापडेना. "काका, काय केलंत हे? तुम्ही यांना झोपूच दिलं नाहीत! पूर्ण तपासणी वाया गेली की!"

"कसं झोपू देऊ, ताई?" लडकू म्हणाला. "श्वास थांबत व्हता तिचा."

रुचिराने संगणक बाईंकडे वळवला. प्रमोदिनीबाईंनी ते तुकडे पाहिले आणि म्हणाल्या, राहू दे, पहिल्या रात्रीचं पुरेसं आहे, नाव तेवढं दुरुस्त कर. त्याच आठवड्यात गोदूला मास्क मिळाला. पुढे मी लडकूलाही तपासलं. त्यालाही आहे, तिच्याहून कमी. दोघं आता दोन मास्क लावून झोपतात आणि कमळाकाकू त्यांना हसतात. हसू देत.

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात इतकं फाटकं काम मी दुसरं केलेलं नाही, आणि कोणत्याही कामाचा मला इतका अभिमानही वाटलेला नाही. मी जुनी झाले आहे. एक दिवस खणात जाईन ती बाहेर येणार नाही. माझ्या जागी नवी येईल, माझ्याहून हुशार येईल. पण ती काय किंवा मी काय, कोणीतरी आम्हाला घरी आणल्याशिवाय आम्ही येत नाही. आणि आणणार कोण? ज्याला ऐकू आलं तो.

म्हणून एवढंच मागते. तुमच्या घरात जी सगळ्यांच्या शेवटी झोपते, तिच्याजवळ आज रात्री थोडा वेळ बसा. मोबाईल बाजूला ठेवा. काही मोजायचं नाही, लिहायचं नाही, नुसतं ऐकायचं. श्वास चालू आहे ना, ऐका. मध्येच ऐकू यायचा बंद झाला तर उठवा तिला. ती म्हणेल, काही झालं नाही, झोप तू. तिचं मुळीच ऐकू नका. सकाळी तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.